फिर्यादीच जामीनदार

बेकरीवाल्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्याच्या बायकोनं आधी भट्टी विझवली आणि मग ती रडायला बसली. भांडण पावावरून झालं होतं. तिच्या थोरल्या भावानं चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं होतं, "जावईबापू, हा पाव कालचा का?" आणि बेकरीवाल्यानं भट्टीतून पाव काढायचा लांब दांडा त्याच्या पायावर घातला. पाय कायमचा अधू झाला. पाव खरोखरच कालचा होता. पण कोर्टात ते कुणी विचारलं नाही.

त्याच्या वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अपील केलं. अपिलाचा नंबर लागेपर्यंत शिक्षा भोगून संपेल, मग जिंकून उपयोग काय, म्हणून तोवर जामीन द्या, असं त्यांनी मांडलं. कोर्टाला ते पटलं. कोर्टाचा संथपणा कुणाच्या कामी आलेला बेकरीवालीनं पहिल्यांदाच पाहिला.

पण हुकमात दोन अटी होत्या. स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार द्यायचा, आणि निकाल लागेपर्यंत आरोपीनं फिर्यादीशी, म्हणजे तिच्या भावाशी, चकार शब्द बोलायचा नाही.

ती दारोदार फिरली. शेजाऱ्यांची घरं एका रात्रीत त्यांच्या बायकांच्या आणि परगावच्या मुलांच्या नावावर झाली. ज्या घराची दीर इतकी वर्षं फुशारकी मारत होता, ते भाड्याचं निघालं. तिकडे तुरुंगात नवऱ्याचा खोकला हटेना, अन्न जाईना. मागच्या भेटीत तर त्यानं तिला ओळखायलाही क्षणभर वेळ लावला. शेवटी तिनं लाज गिळली आणि भावाचं दार ठोठावलं.

"म्हणजे पाय त्यानं मोडायचा आणि जामीन मी राहायचं?" भाऊ म्हणाला.

"दुसरं कुणी उरलं नाही, दादा."

तो बराच वेळ गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "दवाखान्यात मी रोज दाराकडे बघायचो. एकदा येऊन 'चुकलं' म्हणाला असता, तर मी कोर्टात गेलोच नसतो. तीन वर्षं होतील हे मला काय माहीत?" आणि त्यानं काठी मागितली.

कोर्टातला कारकून आधी हसला, मग घाबरला, आणि कागद घेऊन आत गेला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला.

"फिर्यादी तुम्हीच आणि जामीनदारही तुम्हीच? उद्या आरोपी पळाला तर?"

"मला काही धावता यायचं नाही, साहेब. पण तो पळायचा नाही. बेकरीपलीकडचं जग त्यानं बघितलंय कुठं?"

असं करू नये असं कायद्यात कुठं लिहिलेलं सापडेना, म्हणून सही झाली.

बेकरीवाला बाहेर आला तो निम्मा होऊन. जामीन कोण राहिलं हे बायकोनं सांगताच तो फाटकातच थांबला. त्याला आत्ताच्या आत्ता मेहुण्याचे पाय धरायचे होते.

"नाव काढू नका," वकीलबाई म्हणाल्या. "बोललात तर जामीन रद्द. शिवाय तुम्ही मारलंच नाही असं आपण अपिलात म्हटलंय. माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल."

"मग मागू कधी?"

"निकाल लागल्यावर."

"आणि तो कधी लागेल?"

तीन वर्षांत तरी लागत नाही, हे वकीलबाईंनीच कोर्टाला पटवून दिलेलं होतं. त्या पिशवी आवरू लागल्या.

आता प्रत्येक तारखेला आरोपीला हजर करणं जामीनदाराच्या गळ्यात पडलंय. कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्यात बेकरीवाला पुढं असतो, मेहुणा मागं, आणि मधून बेकरीवाली दोघांकडे बघत चालते. मागच्या काठीचा आवाज दूर पडला की बेकरीवाला थांबतो आणि भिंतीवरची जुनी नोटीस वाचल्यासारखं करतो. त्याला वाचता येत नाही. आवाज जवळ आला की तो पुन्हा चालू लागतो.