मोहतमीम साहेबांची डाळिंबी टोपी

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात, तुमचं नाव बद्रीनाथ आहे आणि तुम्ही शिक्षणासाठी परदेशी निघाला आहात. निरोप द्यायला सगळा गाव जमलाय. आई रडतेय, वडील उगाच बैलांवर ओरडताहेत आणि गुरुजी बजावताहेत, "परका मुलूख आहे रे बाबा, पाणी उकळून पी." मग तुम्ही बैलगाडीत बसता. गाडी नदीत उतरते, पलीकडं चढते आणि झालं, परदेश आला! मागं वळून पाहिलं तर आई अजून दिसतेय. तिचं रडणंही ऐकू येतंय.

हसू नका. तेव्हा असंच होतं. गोदावरीच्या अलीकडचं टोके गाव इंग्रजांच्या राज्यात, आणि पलीकडं निजामाचं राज्य. पाणी एकच, मासेही तेच. मासे दिवसभर इकडून तिकडं जात, त्यांना कोणी काही विचारत नसे. माणूस गेला की मात्र तो परदेशी होई. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जिथं जकात घेत तिथं, शिपायानं बद्रीनाथाच्या लोणच्याच्या बरणीत बोट घालून तपासणी केली. खात्री पटेना म्हणून पुन्हा केली. शेवटी "माल आक्षेपार्ह नाही" असा निर्वाळा देऊन, जाता जाता आणखी एकदा केली.

औरंगाबादेत बद्रीनाथ मनकर्णामावशीकडं उतरला. शाळा तिच्या घरामागंच होती. भिंतीवरून उडी मारली की थेट वर्गात. पण परदेशी विद्यार्थ्यानं शाळेत जायचं ते भिंतीवरून नाही, तर मोहतमीम साहेबांच्या हुकमावरून, असा नियम होता. मोहतमीम साहेब म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीचे मुख्य. सबंध शहरात परदेशी विद्यार्थी एकच होता, बद्रीनाथ. कचेरीत माणसं मात्र भरपूर होती, आणि सगळीच्या सगळी कामाच्या ओझ्यानं वाकलेली.

बद्रीनाथ रोज कचेरीत जाई. दारावरचा दरवान विचारी, "टोपी कहाँ है?" बद्रीनाथ आपली गावची पांढरी टोपी दाखवी. ही टोपी नव्हेच, नुसतं कापड, असं ठरवून दरवान म्हणे, "बाहर ठहरो." संध्याकाळी कुलूप लावताना तो म्हणे, "कल आना." अशा रीतीनं शाळेचं तोंडही न पाहता बद्रीनाथाला उर्दूची तीन वाक्यं अगदी शुद्ध उच्चारांसह पाठ झाली. शिक्षण कुठंही मिळतं, मुलांनो, फक्त उभं राहायची तयारी हवी.

असं होता होता प्रवेशाची मुदत उद्यावर आली. उद्या शाळेत नाव लागलं नाही, तर बद्रीनाथानं टोक्याला परत जाऊन जन्मभर म्हशी वळायच्या, असं वडिलांनी आधीच ठरवलं होतं. त्यानं धीर करून, पान खायला बाहेर आलेल्या पेशकाराला गाठलं आणि आपला अर्ज त्याच्या हातात दिला. पेशकार म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवणारा कारकून.

"साहेब कवा भेटतील जी?"

"दिवसा कसे भेटतील? दिवसा ते कचेरीत असतात."

"मग काम कवा करतात?"

"संध्याकाळी. शहागंजच्या मुशायऱ्यात. एका शायराची गझल संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत अर्जांचा निकाल लावतात. आज तुझाच अर्ज पुढं ठेवतो. पण उघड्या डोक्यानं आलास तर जोड्यांजवळ बसशील. आधीच सांगून ठेवतो."

मावशीनं हे ऐकलं आणि पोळपाटावरचं लाटणं उचललं. "उद्या म्हशी वळायची पाळी आलीया, अन् तू शायरी ऐकाया चाललास व्हय रे?"

"मावशी, शाळेत बसायचं तर आधी मुशायऱ्यात बसावं लागतं इथं."

"काय मेली रीत! आमच्या पाचोडच्या बाजारात बैल घ्यायला बी एवढे सोपस्कार नाय!" असं म्हणत तिनं मावसांचा लांब कोट काढून दिला.

राहिली टोपी. शेजारचे इब्राहीमचाचा रूमी टोप्या, म्हणजे गोंड्याच्या उंच तुर्की टोप्या, गरम पितळी साच्यावर चढवून ताठ करून देत. आज त्यांच्या दुकानात सगळ्या टोप्या ओल्या होत्या. सुकी एकच, डाळिंबी रंगाची, चांगली उंच, रुपेरी गोंड्याची. अशी टोपी अख्ख्या शहरात दुसरी नव्हती.

"ही मोहतमीम साहेबांची," चाचा म्हणाले. "पण बेटा, तुझ्या शाळेचा सवाल हाय. घेऊन जा."

"अन् साहेबच आले तर?"

"कैसे आएंगे? टोपी तर माझ्याकडं हाय! टोपीबिगर साहेब उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाय. बेफिकीर जा."

टोपी बद्रीनाथाच्या भुवयांपर्यंत आली. पोराची उंची आणि टोपीची उंची मिळून साहेब बरोबर भरले.

शहागंजात दिवे लागले होते. कबाबांचा धूर, मोगऱ्याचे गजरे, अत्तराचे फाये, चहाच्या कपांचा किणकिणाट. टोक्याला या वेळी माणसं झोपलेली असत, आणि इथं म्हातारे लोकसुद्धा आत्ताच उठल्यासारखे टवटवीत दिसत होते. मुशायऱ्याच्या शामियान्यात बसण्याची व्यवस्था अत्यंत न्याय्य होती. रुपेरी गोंड्याला गालिचा, काळ्या गोंड्याला सतरंजी, पागोट्याला गोणपाट आणि उघड्या डोक्याला जोड्यांजवळची जमीन. माणूस कुठं बसवावा हा वादच नव्हता, टोपी कुठं बसवायची एवढंच पाहायचं.

दारावर कचेरीतलाच दरवान होता. बद्रीनाथ मागं वळू लागला. पण दरवानाला लांबून डाळिंबी टोपी दिसली आणि तो कमरेत असा वाकला की त्याचं कपाळ गुडघ्याला लागलं. साहेबांच्या तोंडाकडं पाहणं ही बेअदबी, असा रिवाज होता. टोपी दिसली की मान खाली, ती साहेब जाईपर्यंत खालीच. त्यामुळं साहेबांचा चेहरा कचेरीत कोणीही पाहिलेला नव्हता. "हुजूर, तशरीफ," असं म्हणत दरवानानं त्याला नेऊन थेट गालिच्यावर, लोडाला टेकवून बसवलं.

आणि थोड्या वेळानं खरे साहेब आले. टोपी आणायला गेले तर दुकान बंद. चाचा मुशायऱ्याला गेलेले. साहेब म्हणाले, अंधारात कोण बघतंय, आणि तसेच आले.

"टोपी कहाँ है?" दरवान गरजला.

"अरे, मी मोहतमीम!"

"साहेब आत बसलेत."

"बेवकूफ, माझा चेहरा ओळखत नाहीस?"

"साहेबांचा चेहरा मी बघतो असं म्हणतोस? मी इतका बेअदब वाटलो तुला? चल, बाहर ठहरो!"

साहेब जोड्यांजवळ, टांगेवाल्यांच्या शेजारी बसले. एका टांगेवाल्यानं त्यांना बशीत चहा ओतून दिला. साहेब चकित झाले. चहा गरम होता! आत त्यांना चहा देताना नोकर इतके वाकत आणि इतके सावकाश येत, की तो पोचेपर्यंत पार निवून जाई. त्यांनी आणखी एक बशी मागितली.

इकडं आत शमा फिरू लागली. मुशायऱ्याची रीत अशी, की जळता दिवा ज्याच्यासमोर ठेवतील त्यानं कविता म्हणायची, आणि म्हटल्याशिवाय दिवा हलवायचा नाही. दिवा आला तो नेमका डाळिंबी टोपीसमोर. बद्रीनाथाला उर्दू येत होतं तेवढं त्यानं थरथरत म्हटलं,

"टोपी कहाँ है..."

एका पांढऱ्या दाढीच्या शायरानं छातीवर हात मारला. "वाह! अब्रू हरवलेल्या माणसाची हाक!"

"बाहर ठहरो..."

"हाय हाय! प्रेयसीच्या दारातून आलेलं उत्तर!"

"कल आना."

सतरंजीवरच्या लोकांनी रुमाल काढले. "मुकर्रर! मुकर्रर!" म्हणजे पुन्हा म्हणा. त्यानं पुन्हा म्हटलं. सगळ्यात जास्त दाद गोणपाटावरून आली. तिथल्या लोकांना ही कविता तोंडपाठच होती. कचेऱ्यांच्या दारात उभं राहून त्यांनी ती जन्मभर ऐकली होती.

बद्रीनाथाच्या अंगातली थरथर गेली. पाठ आपोआप ताठ झाली. कोणी सलाम केला की तो आता नुसतं "हूं" म्हणू लागला.

तेवढ्यात पेशकार खाली मान घालून पुढं आला आणि त्यानं वाचलं, "अर्जदार बद्रीनाथ, राहणार टोके, इंग्रजी मुलूख. शाळेत दाखल करून घेण्याची विनंती. मुदत उद्या संपते, हुजूर."

'मंजूर' हा शब्द बद्रीनाथाच्या ओठांवर आला. पण इतकी वाहवा घेतल्यावर एकदम मंजूर म्हणणं त्याला हलकं वाटलं. साहेबपणाला शोभेल असा एखादा तरी प्रश्न विचारावा म्हणून तो म्हणाला, "अर्जदार हजर हाय का?"

पेशकारानं पुकारा केला, "बद्रीनाथ टोकेवाला हाजिर हो!"

'आलो जी' म्हणून उठायला बद्रीनाथाचा गुडघा हलला. पण मांडीखालचा गालिचा फार मऊ होता.

"गैरहजर, हुजूर."

शामियाना खवळला. "हुजूर स्वतः हजर, आणि एवढंसं पोरगं गैरहजर?"

"लई माजलीत आजकालची पोरं," बद्रीनाथ म्हणाला, आणि त्याला खरोखरच राग आला.

"नियमानं गैरहजराचा अर्ज फेटाळावा लागतो. काय लिहू, हुजूर?"

मुलांनो, पेच नीट समजून घ्या. टोपी काढली तर अर्जदार हजर होत होता, पण मग मंजूर म्हणायला साहेब उरत नव्हते. टोपी ठेवली तर साहेब होते, पण अर्जदार नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून, म्हणजे न पाहता, सगळे म्हणाले, "हुजूरांचं दिल किती नाजूक!"

तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर टोपी भिरकावून 'हजर!' असं ओरडलो असतो. साहेब नसले तर नसले. ओरडला असता, यात मला शंका नाही. परवा तुमच्या वर्गात मॉनिटर झाल्याबरोबर ज्यानं स्वतःच्याच बाकावरच्या मित्राचं नाव 'बोलतो' म्हणून फळ्यावर लिहिलं, तो कोणीतरी दुसराच असणार.

बद्रीनाथानं काय केलं? त्यानं मावसांच्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, कपाळावर आलेला गोंडा मागं टाकला आणि म्हणाला, "नामंजूर."

मग लोडाला रेलून त्यानं पेशकाराला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "उद्या कचेरीत जायला आमची बग्गी किती वाजता येते?"