देव आठ दिवस दादरला

देव या विषयावर शामराव तांबे दोन तास न थांबता बोलू शकायचे, आणि ऐकणारा सापडला तर बोलायचेच. वडिलांबरोबर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती शाळकरी वयात. तेव्हापासून आपली मान कुठल्याही दगडापुढं वाकलेली नाही, हे ते परळच्या आपल्या चाळीत नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. नवा भाडेकरू बिचारा पाण्याची वेळ विचारायला आलेला असायचा.

त्यांचा दुसरा विषय हेल्मेट. गिरण्यांच्या संपानंतर त्यांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. उभी जवानी साच्यावर कापड विणण्यात घालवलेले शामराव दारूखान्यात, म्हणजे रे रोडला जहाजं तोडतात तिथं, एका भंगारवाल्याकडं वजनकाट्यावर बसू लागले. नौदलाच्या लिलावातलं भंगारही तिथं यायचं. त्यात एकदा वैमानिकाचं हेल्मेट आलं. ना तांबं ना पितळ, वितळवून काही हाती लागत नाही, म्हणून शेठ म्हणाला, घेऊन जा. शामरावांनी ते घरी नेलं, पुसलं, डोक्यावर चढवलं आणि आरशात पाहिलं. त्यानंतर ते काही बरे झाले नाहीत.

पाच-सहा वर्षांत दहा बाय बाराच्या खोलीत नौदलाच्या वैमानिकांची हेल्मेटं, प्राणवायूचे मास्क, फुगवायची जाकिटं आणि उडताना घालायचा एक अख्खा पोशाख जमला. पोशाख दाराजवळच्या खुंटीला असायचा. दिवे गेले की येणारा-जाणारा त्याला "बसा ना" म्हणायचा. शामरावांची बायको सुंदराबाई एका हेल्मेटात लसूण ठेवायची, आणि त्यावरून भांडण झालं की दुसऱ्यात कांदे.

तर शिवाजी पार्कला राहणारे निवृत्त कमांडर हेरंब लिमये या जुन्या सामानाचं दादरच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवणार होते. ते स्वतः चाळीचे जिने चढून आले, सगळं हाताळून पाहिलं, लसूण बाजूला करून पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम आहे हो तांबे. फक्त जेट विमानं आली तेव्हाचं अगदी पहिलं, पांढरं हेल्मेट तुमच्याकडे नाही. ते मिळालं तर हॉलमधलं मधलं टेबल तुमचं. तुमच्या नावाची पाटी लावू."

पाटी म्हटल्यावर शामरावांना रात्रभर झोप लागली नाही. गिरणीत त्यांना बिल्ल्याचा नंबर होता. गिरणी गेली, नंबरही गेला. दारूखान्यात सगळे त्यांना 'काटा' म्हणत. आपलं नाव कुठंतरी लिहिलेलं असावं, ते चार लोकांनी थांबून वाचावं, एवढं त्या माणसाला मनापासून हवं होतं. यात हसण्यासारखं काही नाही.

आणि नशीब असं की, त्याच आठवड्यात काट्यावरचा रामदास बोलता बोलता म्हणाला, "कफ परेडच्या मच्छीमार नगरात महादेव नाखव्याच्या जाळ्यात मागं एक टोपी आली होती. तुमच्यासारखीच. पांढरी."

जहाजावरून वाऱ्यानं उडालेलं असणार, शामरावांनी ताडलं. रविवारी सकाळी कपडे करता करता ते बायकोला म्हणाले, "माणसाशी कसं बोलायचं ते युनियननं शिकवलंय मला. जेवायच्या आत हेल्मेट घेऊन येतो. मटण करून ठेव."

"कोळ्याकडं चाललाय, तर मासळी आणा," सुंदराबाई म्हणाली.

महादेवच्या घरी तेव्हा फक्त त्याची म्हातारी आई होती, पुतळाबाई. टोपी बघायला आलोय म्हटल्यावर तिनं कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडं बोट केलं. तिथं हेल्मेट होतं. एके काळी पांढरं असावं, पण आता त्यावर शेंदराचा जाड थर होता, पुढच्या काचेवर चांदीचे डोळे चिकटवले होते आणि वर झेंडूचा हार होता.

"जाळ्यात आयला त्या दिवशी पापलेटनं होडी भरली," म्हातारी म्हणाली. "दर्यानं धाडलाय. आमी टोपीवाला देव म्हणतो. बसा तुमी, चाय टाकते."

शामरावांच्या ओठांवर दोन तासांचं भाषण आलं. पण शेंदराखालून कडेची घडण दिसत होती, आणि ती त्याच पहिल्या हेल्मेटाची होती. त्यांनी भाषण गिळलं. म्हातारी आत गेली होती. हेल्मेट आतून कसं आहे ते डोक्यात घातल्याशिवाय कळत नाही, हे शामरावांचं शास्त्र. त्यांनी हार बाजूला ठेवला, हेल्मेट उचललं आणि डोक्यावर चढवलं.

खाऱ्या पाण्यानं आतलं अस्तर फुगलेलं होतं. जाताना ते खाली गेलं, येताना मात्र कानांनी नकार दिला. शामरावांनी डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं, खाली वाकून ओढलं. तेवढ्यात पुतळाबाई कपबशी घेऊन बाहेर आली. देव्हारा रिकामा, आणि देव पँट-शर्ट घालून घराच्या मधोमध उभा.

तिनं कपबशी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि हात जोडले. "आयलास रे बाबा?"

आतापर्यंत 'तुमी' म्हणणारी बाई एकदम 'तू'वर आली. आपल्याकडं माणूस अरे-तुरेवर आला की समजावं, एक तर भांडण लागणार किंवा आपला देव झालाय.

"आजी, अडकलंय हे. जरा ओढता का?" शामराव म्हणाले.

देवाच्या डोक्याला हात कोण लावणार? म्हातारीनं शेजारी गेलेल्या सुनेला, मंजुळाला, हाक मारली. मंजुळानं नवऱ्याला बोलावलं, आणि थोड्या वेळात अर्धं मच्छीमार नगर दारात होतं. कुणी उदबत्ती लावली. कुणी शामरावांना पाटावर बसवलं. "मी देव मानत नाही," शामराव काचेआडून सगळ्यांना सांगत होते. देव स्वतःच देव मानत नाही म्हटल्यावर लोकांचा विश्वास आणखी वाढला. एवढा मोठेपणा माणसात नसतो, असं एकमत झालं.

मग प्रश्न सुरू झाले. महादेव आणि त्याचा धाकटा भाऊ चंदू, दोघांत होडी एकच. ती कुणी न्यायची यावरून वर्षभर बोलणं बंद, आणि होडी किनाऱ्यावर.

"तूच सांग देवा," पुतळाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोरं येका ताटात जेवत होती."

ते पाणी बघून शामरावांना राहवलं नाही. शिवाय प्रश्न त्यांच्या खात्यातला होता. "भांडता कशाला? पाळ्या लावा," ते म्हणाले. "हा आठवडा पहिली पाळी महादेव, दुसरी पाळी चंदू. पुढल्या आठवड्यात उलटं. जाळी दुरुस्तीला दोघं. आणि कुणी खाडा केला तर पाळी बुडाली, कुरकुर नाही."

इतका सरळ बोलणारा देव त्या वस्तीनं पाहिला नव्हता. महादेवनं चंदूकडं पाहिलं. चंदू म्हणाला, "पयली पाळी तू घे."

म्हातारीनं पाटावर डोकं टेकलं. शामरावांना घाम फुटला होता. उठता उठता ते म्हणाले, "आता मला जाऊ द्या."

"कुठं जातंस?"

इथं शामराव थांबले. 'घरी' म्हणाले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण डोळ्यांपुढं पाटी उभी राहिली. "दादरला," ते म्हणाले. "आठ दिवस. मग परत आणून... परत येतो."

देवाला एकट्याला कसं पाठवायचं? टॅक्सीत मागं पुतळाबाई आणि चंदू, मध्ये शामराव, पुढं महादेव झांज घेऊन. देवाकडून भाडं कसं घ्यायचं म्हणून टॅक्सीवाल्यानं मीटर पाडायला नकार दिला. भायखळ्याच्या सिग्नलला हवालदारानं सलाम ठोकला, तो हेल्मेट बघून की डोळे बघून, ते काही कळलं नाही.

दादरच्या आधी शामरावांनी टॅक्सी परळला वळवायला लावली. ती चाळीत शिरली तेव्हा बुद्धविहाराचे अध्यक्ष अप्पा मोहिते रविवारचे उशिरा उठून नळावर दात घासत होते. झांजा वाजत, शेंदूर लावलेली मूर्ती टॅक्सीतून उतरली आणि त्यांना म्हणाली, "जय भीम, अप्पा."

अप्पांच्या तोंडातला ब्रश तोंडातच राहिला. "शामराव?"

"गैरसमज झालाय," मूर्ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

सुंदराबाई दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं, मग पुन्हा नवऱ्याकडं. "मासळी आणली?" तिनं विचारलं.

मग तिनं खोबरेल तेलाची बाटली आणली, नवऱ्याला उंबऱ्यावर बसवलं आणि एका हिसक्यात देव वेगळा आणि शामराव वेगळे केले. महादेव पिशवीतून नारळ काढत होता. अप्पा म्हणाले, "या दारात नारळ फुटणार नाही." सुंदराबाईनं नारळ मागून घेतला आणि कालवणाला ठेवला, त्यामुळं कुणाचाच मान गेला नाही. म्हातारीनं जाताना बजावलं, "शेंदूर काढू नका हां. आठ दिवसांनी न्यायला येतो."

"देव म्हणून खोटं बोलायला लाज नाही वाटली?" रात्री सुंदराबाईनं विचारलं.

"मी जे बोललो ते शामराव म्हणूनच बोललो," शामराव म्हणाले. पण वाटत होती. चांगलीच वाटत होती.

कमांडरांनी हेल्मेट उलटसुलट करून पाहिलं. "तेच आहे. पण हा लाल थर कसला?"

"गंज धरू नये म्हणून लेप आहे, साहेब."

"फायबर गंजत नाही, तांबे."

"लेपाचाच गुण आहे, साहेब."

कमांडर बोटाला लागलेला शेंदूर रुमालाला पुसत म्हणाले, "असू दे."

मधलं टेबल, त्यावर हेल्मेट, खाली पाटी: 'श्री. शामराव तांबे यांच्या संग्रहातून'. शामराव इस्त्रीचा शर्ट घालून रोज टेबलाशेजारी उभे राहायचे. लोक यायचे, चांदीचे डोळे बघायचे, पोरांना उचलून दाखवायचे आणि पुढं जायचे. पाटीकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. एका बाईंनी तर शामरावांनाच विचारलं, "भाऊ, बाथरूम कुठंय?" त्यांना फार वाईट वाटलं. शेवटच्या दिवसापर्यंत ती पाटी एकाही माणसानं वाचली नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मच्छीमार नगर टेम्पो करून आलं. पुतळाबाई पुढं. पाळ्या लागल्यापासून होडी दोनदा जात होती आणि दोन्हीदा भरून येत होती. म्हातारीनं हेल्मेटापुढं हात जोडले. मग तिची नजर पाटीवर गेली. "काय लिवलंय गो?"

मंजुळा पाटीपुढं थांबली आणि सावकाश, बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागली, "श्री... शामराव..."

"येवढ्या दिवसांनी नाव सांगितलं त्यानं," पुतळाबाई म्हणाली आणि सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.

"आजी, ते माझं नाव आहे," शामराव घाईनं म्हणाले.

"मग? तुजाच तर हाय," म्हातारी म्हणाली आणि देव पदराखाली घेऊन निघाली.

नारळी पौर्णिमेला नाखव्याकडून बोलावणं आलं. तांबे नवराबायको गेले. चंदूसाठी नवी होडी बांधली होती, ती त्या दिवशी पाण्यात उतरायची होती. रंग ओला होता. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पिवळ्या जमिनीवर लाल, हातभर अक्षरांत लिहिलं होतं: ॥ श्री शामराव प्रसन्न ॥ बायका ते वाचत होत्या, पोरं वाचत होती, शेजारच्या होड्यांवरचे लोक वाकून वाचत होते.

हे पुसायला सांगावं की नाही, हे शामरावांना ठरवता येईना. ते नुसते उभे राहिले, ताठ.

सुंदराबाईनंही ते वाचलं. मग नवऱ्याला खालून वर न्याहाळत म्हणाली, "प्रसन्न? घरी कधी दिसला नाहीत."