भोवत्यांचा कंडक्टर

दसरा झाला की आमचं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायचं आणि ऊसतोडीला जायचं. आई-बाप, आम्ही तीन भावंडं, दोन शेरड्या आणि एक पत्र्याची पेटी. दाराला लावलेलं कुलूप निघायचं ते चैत्रात. तोवर माझी शाळा कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या तळावर बुडालेली असायची. आठवीपासून मात्र बापानं मला गावातल्या मावशीपाशी मागं ठेवलं. "हिला शिकू द्या. कोयता काय, कवाबी धरता येतो," म्हणाला.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की निम्मं गाव मोकळं झालं की गावाबाहेरचा माळ भरतो. तिथं भोवत्या पक्षी उतरतात. भोवत्या म्हणजे घारीपेक्षा सडपातळ शिकारी पक्षी. गवताच्या शेंड्यांना पोट लावत उडतो. थेट कझाकिस्तानाकडून येतो, थंडीभर राहतो. संध्याकाळ झाली, की चहूकडून सगळे येतात आणि त्या गवतात जमिनीवरच झोपतात.

आमचे शेजारी भानुदास तात्या ओट्यावरून म्हणायचे, "इकडली गाडी सुटली, तिकडली लागली."

तात्या एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ड्यूटी संपलेली नाही. दसऱ्यापासून रोज संध्याकाळी ते माळावर जाऊन भोवत्या मोजतात, आणि मोजतात ते तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं. एक पक्षी, एक भोक.

"तात्या, चिमटा खात्यात जमा करायचा असतो ना?"

"त्यो केला. ह्यो जुन्या बाजारातला हाय. मी काय सरकारचा माल घरी आननारा मानूस हाय व्हय?"

भोकं पाडायला लागतात जुन्या लग्नपत्रिका. आमच्या गावात ज्याची पत्रिका चाळणी होऊन माळावर गेली नाही, त्यानं तात्यांना आमंत्रणच दिलं नव्हतं, असं समजावं. माझ्या पत्रिकेत माझं नाव शाबूत आहे. नवऱ्याच्या नावातून मात्र सात पक्षी गेलेत.

मी बी.एस्सी. झाले, गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तेव्हापासून तात्या मला नावानं हाक मारत नाहीत. "ए ग्रॅज्वेट, चल. गाडी टायमावर हाय." शास्त्र म्हणून मी वही घेऊन जायचे. तात्यांना वही आवडत नाही. "लिव्हायला मान खाली घालावी लागती. तेवढ्यात दोन फुकटे घुसत्यात."

पहिल्याच दिवशी माझे तेहतीस भरले, तात्यांचे तीस.

"तीन पॅसेंजर जास्तीचे आनले कुठून?"

मी बोट दाखवलं.

"अगं, त्या घारी! त्या हितल्याच. त्यांना पास हाय. लांब पल्ल्याचे तेवढे मोज."

त्यांचा एक नियम मला कधीच पटला नाही. काल जेवढे आले, तेवढे आज आल्याशिवाय ते उठत नाहीत. मी सांगून दमले, की पक्षी रोज सारखेच येत नसतात, एखादा दुसऱ्या माळावर झोपत असेल. तात्या ढिम्म. "एक कमी हाय," म्हणायचे आणि बसून राहायचे. कधी तो यायचा, कधी अंधार पडून आम्हीच उठायचो. तेव्हा घरापर्यंत तात्या मागं वळून बघत चालायचे.

यंदा त्यांनी एका कॅरिबॅगला भोक पाडलं.

"तात्या, ती पिशवी हाय. वाऱ्यावर आली."

"ठावं हाय मला. विनातिकीट हुती, पकडली," म्हणाले, पण हसले नाहीत. त्यानंतर "पांढरा किती, तपकिरी किती" हे ते मलाच विचारायला लागले. नर पांढुरका, मादी तपकिरी, हे मला शिकवलं होतं त्यांनीच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पुण्याचा मुलगा ऑपरेशनसाठी बोलावतोय. काकू गेल्यापासून घरात एकटेच आहेत, तरी तात्यांचं एकच उत्तर: "शिझनमदी रजा न्हाई." खरी भीती वेगळी होती. चिमटा एकदा हातातून सुटला, तर परत कोण देणार?

परवा आदल्या दिवशीचे बेचाळीस होते. एकेक उतरत गेला, मी सांगत गेले, चिमटा वाजत गेला. एक्केचाळीसवर थांबला. सूर्य बुडाला. तात्यांनी वर बघितलं, डोळे पुसले, आणि अंधार पडायच्या आत, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाले, "चल ग्रॅज्वेट. डबल बेल दे. झाली गाडी."

"बसा तात्या," मी म्हणाले. "एक कमी हाय."

ते बसले.

गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, "तात्या, माझ्या कॉलेजच्या गाडीच्या त्या मागच्या टायरला काय झालं होतं हो?" कर्जतहून आमच्या गावाला संध्याकाळची ती शेवटची गाडी, कंडक्टर तात्याच. माझं प्रॅक्टिकल लांबायचं. मी धापा टाकत स्टँडवर यायचे, तर गाडी उभीच. लोक आतून शिव्या घालतायत आणि तात्या मागच्या टायरवर पाना आपटत बसलेत. तीन वर्षं मला वाटत होतं, या गाडीचं टायरच भिकार.

"कुठलं टायर?"

"रोज ठोकत होता ते."

"त्याला काय धाड भरली हुती? नवंकोरं हुतं." तात्या चिमट्याशी चाळा करत राहिले. "आत शिटं मोजली की एक कमी भरायचं. सकाळी नेलेलं मानूस संध्याकाळी नको का आनायला?"

तेवढ्यात उत्तरेकडून गवताला पोट लावत तो आला.

"आला तात्या. पांढरा हाय."

चिमटा वाजला. तात्यांनी पत्रिकेवरून अंगठा फिरवत सगळी भोकं मोजली. "बेचाळीस," म्हणाले. मग चिमटा माझ्या हातात दिला. "पुन्याला फोन लाव. महिनाभर तू मोज. घारी धरू नको."

त्या गाडीनं मी तीन वर्षं गेले आणि तीन वर्षं रोज घरी आले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले.