लाल गाडी आणि भागूबाईचे वाल

लाल गाडीसमोर ते पांढरं, कोंबड्यांचं डालगं काय टिकणार! नववीतल्या मुलीचं, जयवंताचं, हे मत इतकं ठाम होतं, की भर वर्गात ठमीशी पैज लावून ती मोकळी झाली. "रविवारी खालापुरात लाल गाडीतूनच उतरेन! नाही उतरले, तर परीक्षेपर्यंत तुझं दप्तर मी वाहीन!"

ठमीचं आजोळ खालापुरातच. ती बघायला येणार, हे ठरलेलंच.

झालं होतं असं, की जयवंताचे वडील, आबा, म्हणजे कर्जतचे भातगिरणीवाले पोपटराव, जुनी गाडी घ्यायला निघाले होते. एक होती बंगलेवाल्या शेठची लाल स्पोर्ट्स कार. दोनच सीटा, डोक्यावर टप नाही आणि पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर! दुसरी डॉक्टरांची छोटी पांढरी गाडी. मागचं दार पेटीच्या झाकणासारखं वर उघडणारी. दोघांनीही रविवारपुरती गाडी वापरून बघायला दिली. रविवारी जयवंताच्या थोरल्या बहिणीच्या, मैनाच्या, बाळाचं खालापुरात बारसं होतं.

"जी धड पोचवील ती घ्यायची," आबांनी जाहीर केलं.

पांढरीत आबा, आई, आजी, दोन मावश्या आणि मागच्या दारातून पाय बाहेर काढून आडवा झालेला पाळणा. बाळाचा पाळणा मामाच्या घरूनच जायला हवा ना!

"जये, पाळणा तुमच्या लाल गाडीत बसतो का गं?" आईने विचारलं.

"आई! ती स्पोर्ट्स कार आहे!"

"मग घुगऱ्यांचं पातेलं तरी धर मांडीवर."

वाऱ्याशी झुंजणाऱ्या गाडीत उकडलेले हरभरे! जयवंताचा नुसता संताप संताप झाला. पण लाल गाडी चालवायला बसलेल्या चंदरकाकांनी ती सोडली, आणि ती राग विसरली. पांढरी गाडी मागे पडली. घुगऱ्या एकेक करून पातेल्यातून उडू लागल्या. "काका, अजून जोरात!"

पळसदरीच्या पुढे वळण घेतलं आणि रस्ताच दिसेना! भागूबाईने रस्ताभर वाळलेले वालाचे वेल पसरले होते. येणाऱ्याजाणाऱ्या चाकांनी शेंगा फुटतात, झोडपायचे कष्ट वाचतात. एसट्या, ट्रक बिनबोभाट वरून जात. लाल गाडी मात्र वरून गेली नाही. ती आत शिरली! पोट ढिगावर टेकलं, चाकं जागच्या जागी गरगरली, शेंगा फटाक्यांसारख्या तडतडल्या.

बांधावरून भागूबाई पदर खोचत धावली. "आलात? बरं झालं रं बाबा!"

"अहो आजी, गाडी अडकलीय!"

"अडकली कुठं? मळतीय की! जरा पुढंमागं करा!"

काकांनी पुढंमागं केलं. वेल चाकांच्या दांड्याला घट्ट गुंडाळले गेले, इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकलं आणि गप्प झालं. भागूबाईने ओणवं होऊन खाली पाहिलं. "अगो बया! केवढे वाल झडलेत! अशी गाडी मी नाय बघितली!"

एवढ्यात पांढरी आली. संथपणे वेलांवरून पार झाली आणि पुढे थांबली.

"ही काय कामाची?" भागूबाईने नाक मुरडलं. "उंच हाय, वरच्यावर निघून जाती. लाल गाडीच खरी!"

साऱ्या जगात लाल गाडीच्या बाजूने बोलणारं एकच माणूस भेटलं, तेही वाल मळण्यासाठी!

"ही शर्यतीची गाडी आहे!" जयवंता कडाडली. "लाल रंग दिसत नाही?"

"असू दे गं पोरी. आमच्या बैलांची शिंगं पण लालच हायत."

आबांनी खिडकीतून हाक मारली, "जये, पाळण्याला उशीर होतोय. ये, बस आजीच्या मांडीवर."

आजीची मांडी! डालग्यात! जयवंताच्या डोळ्यांपुढे ठमीचं दप्तर आलं. "मी लाल गाडीतूनच उतरणार!"

"उतर बाई," म्हणत आबा निघून गेले.

भागूबाईने काय केलं, तर वाल झडल्याच्या खुशीत आपली पांढरी बैलजोडी गाडीला जुंपायला दिली. काका उतरून बैल हाकू लागले. जयवंता ताठ मानेने, मांडीवर पातेलं धरून, एकटी गाडीत. वाटेत प्रत्येक वाडीने विचारलं, "काय गं, नवरी हाय का?"

खालापुरात पोचली तेव्हा बाळ पाळण्यात झोपून, नाव ठेवून, उठूनही बसलं होतं म्हणायचं! मैना दारात आली. "घुगऱ्या कुठायत गं?" पातेल्यात तळाला उरल्या होत्या मूठभर. आणि शेजारच्या ओट्यावर, पोटाला धरून हसत, ठमी!

आबांनी कुठली गाडी घेतली, हे सांगायला नकोच. भागूबाईचा निरोप मात्र आला: पुढल्या साली वाल वाळले की लाल गाडी धाडा.

सोमवारी शाळेच्या वाटेवर जयवंताच्या दोन्ही खांद्यांवर एकेक दप्तर होतं.

"हा शुद्ध अन्याय आहे! मी गाडीतून उतरले की नाही?"

"उतरलीस."

"गाडी लाल होती की नव्हती?"

"होती गं," ठमी म्हणाली. "ओढणारे तेवढे पांढरे होते."