घोडा बंगलोरले आहे

एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसणं हे माझ्यासाठी जरा जास्तच झालं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गावाकडे, खाप्याला, आईला कळलं तर म्हणेल, "अभ्यास सोडून लोकायच्या गोष्टी काहून लिहून राहिला?" चुकलंमाकलं तर माफ करा. पण घोडा नसताना घोड्याचं सामान करणारा दुसरा माणूस मला नागपुरात ठाऊक नाही.

माझे घरमालक नखातेकाका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन आले, ते एकटेच राहतात. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काडेपेटीत मावेल असं खोगीर, बुटाच्या नाडीचा लगाम आणि पाय अडकवायला सेफ्टी पिनेच्या तारेच्या रिकिबी असतात. काकांचं ताट मांडीवर.

खऱ्या घोड्याला मात्र काका भितात. वरात आली की आधी दार लावतात, मग खिडकीतून म्हणतात, "पाह्य गा, खोगीर तिरपं आहे. नवरदेव पडन!"

एकदा सरांनी माझ्या निबंधात खोगीरभरती फार आहे म्हटलं. मी तोंड पाडून काकांना सांगितलं. काका खूश.

"अरे, खोगिरात भरतीच तर मेन राहते! भरती नसन तर घोड्याची पाठ सोलते. तुह्या सरनं तारीफ केली गा!"

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, शेजारच्या बोरकरकाकू नातवाचा लाकडी नंदी घेऊन आल्या. "जरा सजवून द्या याले."

"बैलाले खोगीर नाही राहत, वहिनी. झूल राहते."

"मंग हे कोणासाठी करून राहिले? तुमच्याजवळ घोडा तरी कुठी आहे?"

"घोडा बंगलोरले आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं.

पुढच्या रविवारी काका फोनवर ओरडत होते, "सूनबाई, पोटाचा घेर मोजून सांग! अवं, तुह्या नाही वं, घोड्याच्या!" अख्खी गल्ली खिडकीत आली.

तेव्हा उलगडा झाला. घोडा नातीचा, प्लास्टिकचा. नात पाच वर्षांची, तिकडेच जन्मलेली. दर रविवारी सूनबाई तिच्या कानाला फोन लावते. काका बोलत राहतात. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. आजवर एक शब्द नाही.

"मले ओळखतच नाही गा ती," काका मला म्हणाले. "फोटोत पाहून पाहून तिचा घोडा तेवढा माह्या ओळखीचा झाला."

सामान पार्सलनं गेलं. बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग सूनबाईंनी मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला. काकांनी तो मला तीनदा दाखवला. "याचा अर्थ पोचलं, का बसलं?"

"पोचलं असेल, काका."

"हं. आवडलं असं नसन त्यात."

काल संध्याकाळी मी क्लासवरून आलो, तर काका फाटकातच उभे.

"बोलली गा!"

"काय म्हणाली?"

"म्हणे, आजोबा, हे काढायचं कसं? घोड्याला झोप आली आहे."

"मग? सांगितलंत?"

"सांगितलं ना," काका म्हणाले. "पण हळूहळू सांगितलं."