चार कोटी मीटर

केसरीनाथ शेठच्या कारखान्यात कापड मोजणारा डबा बसला, आणि पाचव्या मिनिटाला त्या डब्याने जाहीर केलं की लूमवर चार कोटी मीटर कापड विणून झालंय. ताका पूर्ण झाला असं समजून त्याने लूमही बंद केला.

लूम चालवणारा लडकू आकड्याकडे एकटक बघत राहिला. "मॅडम, चार कोटी मीटर म्हंजे कुटवर जाईल?"

"पृथ्वीला एक फेरा होईल," बकुळा चाचरत म्हणाली. डबा तिनेच बनवला होता, ठाण्याची नोकरी सोडून. आज तो चालला नाही तर पुन्हा जुन्या साहेबासमोर उभं राहावं लागणार होतं.

"पृथ्वीला!" लडकूने कापडावरून हळूच हात फिरवला.

लूम पुन्हा सुरू केला की पुन्हा चार कोटी, पुन्हा बंद. बकुळाने रिक्षातून आणलेला आपला पीसी टेबलावर मांडला आणि तासाभरात तिला चूक सापडली.

"शेठ, लायब्ररीचा घोटाळा आहे."

"लायबरी? डबा पुस्तकं वाचतो काय?"

"पुस्तकांची नाही, तयार गणितांची. माझ्या पीसीत दशांशाची गणितं करणारी वेगळी चिप आहे, डब्यात नाही. प्रोग्राम मी डब्यासाठी तयार केला, पण लायब्ररी पीसीसाठीचीच राहिली. ती उत्तर ठेवते एका खणात आणि डबा हात घालतो दुसऱ्याच खणात. हाताला लागेल तो आकडा दाखवतो."

"मग दोघांना येकच खण दाव ना, बाय!"

तेच करायला ती बसली. पण लूमांच्या धडधडीत वीज वरखाली व्हायची आणि काम अर्ध्यावर आलं की पीसी बंद पडायचा. तीनदा असं झाल्यावर ती भीतभीत म्हणाली, "शेठ, सगळे लूम थांबवावे लागतील. अर्धा तास."

"चोवीसच्या चोवीस?" शेठचा आवाज चिरकला. पण त्यांनी लूमांचा मेन स्विच खाली ओढला.

कारखान्यात शांतता पसरली. कापसाचे तंतू उन्हाच्या तिरिपेत तरंगत होते. पत्र्यावर कुठेतरी पारवा घुमत होता. तो तिथे राहतो हे आजवर कुणाला कळलंच नव्हतं. कामगार ताक्यांना टेकले.

बकुळाने लायब्ररी डब्याच्या बेताने नव्याने तयार केली, डब्यात उतरवली आणि मेन स्विच वर केला. चोवीस लूम एकदम खडखडले. डब्यावर आकडा उमटला: अकरा पूर्णांक चार. लडकूने पट्टी लावून पाहिली. बरोबर अकरा पूर्णांक चार.

"शेठ, जमलं!"

शेठ दिसेनात. मग ताक्यांच्या ढिगाआडून ते उठले. केस विस्कटलेले, गालावर कापडाची वीण उमटलेली.

"कोनी चालू केला?" ते ओरडले.

बकुळाचा चेहरा उतरला. "पण शेठ, आकडा बरोबर आलाय."

"आकडा ऱ्हाऊं दे गं." त्यांनी डोळे चोळले. "वीस वर्सांत दुपारी डोला लागला न्हवता." मग जरा जवळ येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "चोवीस डबे बनव. पन प्रत्येकात रोज दोन वाजता अर्धा तास बिघाड पायजे."