शून्य बरोबर आठ

चौथ्या प्रश्नाला दहापैकी शून्य मिळालेली उत्तरपत्रिका घरात नेमकी कुठे दडवावी, याचा विचार करत लिफ्टवाले स्वयंपाकघरात उभे होते. पिठाच्या डब्यामागे की फ्रिजच्या डोक्यावर, एवढंच ठरायचं बाकी होतं. तेवढ्यात लेक पाणी प्यायला आली.

"बाबा, हातात काय आहे?"

"कुठे काय?"

"पाठीमागे धरलंय ते."

सत्तेचाळीस वर्षांच्या बापाला एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे उत्तरपत्रिका ठेवावी लागली. लिफ्टवाल्यांची पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. शाफ्टमध्ये उतरून नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस! पण कंपनीने नियम काढला, की निरीक्षक व्हायचं असेल तर विज्ञानाची पदवी हवी. झालं. सकाळचं कॉलेज आणि दुपारची ड्युटी, असा मेळ जमवून त्यांनी प्रवेश घेतला आणि नशिबाने तो थेट लेकीच्याच वर्गात मिळाला. लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वर्गात मला हाक मारायची नाही. आणि माझ्या मागच्या बाकावर तर अजिबात बसायचं नाही." लेक वर्गात पहिली होती. बाप कितवा होता, हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

लेकीने पान उलटलं. चौथा प्रश्न होता तीन समीकरणांचा: एक्स, वाय आणि झेड काढा. त्याखाली लिफ्टवाल्यांनी सुवाच्य अक्षरात दोनच शब्द लिहिले होते, "उत्तर नाही." आणि त्यावर लाल शाईचं भलंमोठं शून्य होतं.

"निदान दोन पायऱ्या तरी लिहायच्या ना, बाबा! मॅडम पायऱ्यांचे मार्क देतात."

लिफ्टवाले तिच्यासाठी पेल्यात पाणी भरू लागले. खरं कारण साधं होतं. कंपनीच्या देखभाल वहीत एकही रकाना कोरा सोडायचा नसतो. काही सापडलं नाही, तर 'बिघाड आढळला नाही' असं लिहून सही करायची. परीक्षेत त्यांना उत्तर सापडलं नाही. जागा कोरी सोडणं बरं दिसेना. म्हणून त्यांनी तसं लिहिलं. सही तेवढी आवरली.

"बसा इथे. मी दाखवते," असं म्हणून लेकीने वही ओढली. "पहिलं समीकरण दुसऱ्यातून वजा करायचं. झेड उडाला. काय उरलं? एक्स वजा दोन वाय बरोबर वजा तीन. आता तिसरं बघा. एक्स वजा दोन वाय बरोबर पाच. म्हणजे..."

लेक थांबली. तिने एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. पान उलटून नव्याने सुरुवात केली. लिफ्टवाल्यांनी तिच्यासाठी आणलेला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डाव्या बाजू सारख्या आहेत. एकदा वजा तीन येतंय आणि एकदा पाच. शून्य बरोबर आठ!"

"मग?"

"मग काय? याला उत्तरच नाही! मी एक, दोन, तीन लिहिलं. सगळ्या वर्गाने एक, दोन, तीन लिहिलं. बाबा, तुम्हाला कसं दिसलं?"

असं म्हणून तिने बापाकडे पाहिलं. आठवीपासून ती त्यांच्याकडे गणिताच्या बाबतीत ज्या नजरेने बघायची, ती नजर लिफ्टवाल्यांना पाठ होती. आजारी माणसाला भेटायला आलेले लोक तशी नजर घेऊन येतात. आजची नजर वेगळी होती. अशा नजरेने तिने त्यांच्याकडे शेवटचं पाहिलं होतं ते ती पाच वर्षांची असताना, बंद पडलेल्या लिफ्टमधून त्यांनी तिला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं तेव्हा.

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. तो क्षण लिफ्टवाल्यांनी पाण्याचा पेला उचलून स्वतःच पिण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटताच लेक गणिताच्या मॅडमकडे गेली. बापावर अन्याय झालेला तिला खपण्यासारखा नव्हता. मॅडमनी आधी हसून वही हातात घेतली. मग त्यांचं हसू गेलं. मग "बघून सांगते" म्हणून लेकीला वाटेला लावून त्या खुर्चीवर बसल्या. प्रश्नपत्रिकेची मूळ प्रत काढून बघतात तो काय, तिथे स्वच्छ 'एक्स अधिक दोन वाय' होतं. छापताना अधिकच्या चिन्हातली उभी काडी उडाली होती आणि आडवी तेवढी वजाबाकी म्हणून शिल्लक राहिली होती. त्या एका काडीने गणिताचा जीव गेला होता, आणि त्या मेलेल्या गणिताचं एकशे अकरा जणांनी एक, दोन, तीन असं उत्तर काढलं होतं. शिवाय मॅडमनी स्वतः उत्तरसूची शेजारी ठेवून त्या एकशे अकरा जणांना दहापैकी दहा दिले होते.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. नेमके त्याच वेळी विभागप्रमुख दारातून डोकावले.

"काय हो मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

माणूस घाबरला की तोंडातून काय निघेल, याचा नेम नसतो. मॅडम म्हणाल्या, "नाही सर, तसं नाही. एक प्रश्न मी मुद्दाम उत्तर नसलेला घातला होता. कोण डोळे मिटून सोडवतंय, ते बघायला."

"आणि?"

"एकशे बारांपैकी एकालाच कळलं."

प्रमुखांनी तोंडात बोट घालायचंच काय ते बाकी ठेवलं. गेली नऊ वर्षं त्यांना काहीतरी नवीन उपक्रम सुरू करायचा होता आणि सुचत नव्हता. संध्याकाळच्या आत त्यांनी प्राचार्यांना गाठलं, आणि सोमवारी सकाळी कॉलेजच्या अकराही विभागांच्या फलकांवर परिपत्रक लागलं: यापुढे प्रत्येक प्रश्नपत्रिकेत उत्तर नसलेला एक प्रश्न असावा. खाली आणखी एक ओळ होती. शुक्रवारी सकाळी गणितातला असा प्रश्न ओळखणारे एकमेव विद्यार्थी सर्वांसमोर फळ्यावर प्रात्यक्षिक देतील.

ते वाचून लिफ्टवाले तडक मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, मला एक खरं सांगायचं होतं. त्या चौथ्या प्रश्नाचं..."

मॅडमनी चटकन दार लावून घेतलं. त्यांना वाटलं, या माणसाला काडी दिसली!

"हे बघा, तुम्हाला काय सांगायचंय ते मला कळलंय. पण आता बोलू नका. तुमचीही शोभा, माझीही शोभा. शुक्रवार पार पडू दे."

"अहो, पण मला खरंच..."

"दहापैकी दहा केलेत तुम्हाला. अजून काय हवं?"

बाहेर आल्यावर वर्गातली मुलं सामोरी आली. परवापर्यंत जी त्यांना 'काका, जरा सरका' म्हणत होती, तीच आता सरकून जागा देत होती. त्यांचे सगळ्यांचे दहा मार्क गेले होते, पण राग सोडाच, त्यांच्या तोंडावर नुसता धसका होता. "काका, वरवर बघता एवढे साधे दिसता हो," एकजण म्हणाला.

राहिले चार दिवस. लेकीला विचारायची सोय नव्हती. ज्याला येतं त्याने काय विचारायचं? मग लिफ्टवाल्यांनी पुस्तक ड्युटीवर न्यायला सुरुवात केली. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मोटरीच्या घरघरीत बसून ते खडूने भिंतीवर समीकरणं मांडू लागले. पहिला दिवस काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी कळलं. तिसऱ्या दिवशी वजाबाकी तेवढी जमली. शून्य बरोबर आठ! पण म्हणजे काय? खडू ठेवून ते पाना हातात फिरवत बसले. खालून कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं आणि दोर सरकू लागला.

तो दोर बघता बघता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. एक माणूस सांगतो, लिफ्ट आत्ता तिसऱ्या मजल्यावर आहे. दुसरा त्याच क्षणी सांगतो, पाचव्यावर आहे. दोघांचंही म्हणणं एकदम खरं ठरेल अशी जागा अख्ख्या इमारतीत कुठून असणार? शोधणाऱ्याची चूकच नाही. ती जागाच नाही! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लिफ्टवाल्यांच्या हातून पाना खाली पडला, आणि तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

शुक्रवारी वर्ग खच्चून भरला होता. पहिल्या बाकावर प्रमुख, त्यांच्या शेजारी मॅडम. तिसऱ्या बाकावर लेक. लिफ्टवाल्यांनी खडू घेतला. समीकरणं एकेक करून फळ्यावर उतरली, झेड उडाला, दोन ओळी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आणि शेवटी शून्य बरोबर आठ आलं. त्यांनी तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याचं सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरून "आत्ता कळलं!" असा आवाज आला. टाळ्यांनी वर्ग दणाणला. सगळ्यात जोरात कोण वाजवतंय, हे लिफ्टवाल्यांना बघायची गरज नव्हती.

"वा!" प्रमुख उठले. "आता एकच सांगा. परीक्षेत हे तुम्ही किती मिनिटांत ओळखलंत?"

"पाच मिनिटं म्हणा आणि खाली उतरा," असं मॅडमचे डोळे सांगत होते. लेकीने तर पेन उघडून वही समोर धरली होती. बाप जो आकडा सांगेल तो ती लिहून घेणार होती.

"नाही ओळखलं, सर," लिफ्टवाले म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मला उत्तर आलंच नाही. जागा कोरी कशी सोडायची, म्हणून लिहिलं, उत्तर नाही. माझ्याकडे नाही, असं. हे फळ्यावरचं मला परवा कळलं."

लेकीचं पेन वहीवर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. मग ती उठली. लिफ्टवाल्यांनी मान खाली घातली.

"सर, मला परीक्षेत शून्य बरोबर आठ आलं होतं," ती म्हणाली. "मी ते खोडलं. मला वाटलं, माझंच चुकलंय. गेल्या वर्षीच्या पेपरात असंच गणित होतं. त्याचं उत्तर मला पाठ होतं. ते लिहिलं."

लिफ्टवाल्यांनी डोळे विस्फारून लेकीकडे पाहिलं. तोवर डावीकडून एक हात वर झाला होता. मग मागून तीन. मग मोजता येणार नाहीत इतके.

"मलाही आठ आलं होतं."

"मला तर दोनदा आलं!"

"मी नाही सोडवलं. मी हिचं बघून लिहिलं."

आता मॅडमना बसवेना. त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा फळ्यावरच्या खडूसारखा झाला होता. "सर, मुद्दाम काही नव्हतं. अधिकचं चिन्ह होतं. छपाईत काडी उडाली. मी न बघता सगळ्यांना दहा दिले."

प्रमुखांनी आधी मॅडमकडे, मग लिफ्टवाल्यांकडे आणि शेवटी छताकडे पाहिलं. "अहो, पण परिपत्रक गेलं ना!" ते जवळजवळ ओरडलेच. "रसायनवाल्यांचे पेपर छापून झालेत! इतिहासवाल्यांनी तर उत्तर नसलेले दोन घातलेत! आता मागे कसं घेऊ? प्राचार्यांनी सभेत माझं कौतुक केलंय!"

प्रमुख दोन वेळा वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि लिफ्टवाल्यांसमोर येऊन थांबले.

"तुम्हीच या समितीचे अध्यक्ष."

"कुठल्या समितीचा?"

"प्रश्नाला खरंच उत्तर नाही ना, हे छापण्याआधी तपासायला कुणीतरी नको का?"

"सर, पण मला काही येत नाही हो!"

"म्हणूनच!" प्रमुख म्हणाले. "ज्यांना येतं त्यांनी सगळ्यांनी उत्तर काढून दाखवलं. येत नाही, असं लिहून देणारा तुमच्याशिवाय दुसरा माणूस या कॉलेजात आहे का?"

बापलेक घरी निघाले. कोपऱ्यावर वळल्यावर लेक म्हणाली, "त्या दिवशी स्वयंपाकघरातच का नाही सांगितलंत?"

"तू तसं बघितलंस ना माझ्याकडे."

लेकीने त्यांच्या खांद्यावरची पुस्तकांची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "सोमवारपासून माझ्या बाकावर बसा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ते मजल्यांचं मला नीट लिहून घ्यायचंय."

घरी बायको नुकतीच ऑफिसातून आली होती. पर्स टेबलावर टाकून तिने विचारलं, "झालं का तुमचं ते प्रात्यक्षिक? मार्क किती शेवटी?"

"शून्य," लिफ्टवाले म्हणाले. "दिलेले दहा मॅडमनी परत घेतले."

"अगं बाई! काढून टाकलं की काय कॉलेजातून?"

"नाही. समितीचा अध्यक्ष केलंय. सगळ्या विभागांचे पेपर आता माझ्या सहीशिवाय छापायचे नाहीत."

बायको मटकन खुर्चीवर बसली. आळीपाळीने नवऱ्याकडे आणि लेकीकडे बघत राहिली. लेकीने मान हलवून ते खरं असल्याचं सांगितलं.

"म्हणजे काही येत नाही, असं स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलंत," ती सावकाश म्हणाली, "आणि म्हणून त्यांनी तुम्हाला अध्यक्ष केलं?"

"हो."

बायकोने सुस्कारा सोडला आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

"आमच्या साहेबांना साहेब होताना निदान कबूल तरी करावं लागलं नव्हतं."